शर्टावर लोगो चढवण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मूळचे सांगलीचे, वय ३१, गेली आठ वर्षं मँचेस्टरमध्ये राहणारे एक वाचक लिहितात. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी त्यांना मिळाली आहे. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, हातात महिना सुमारे २,९०० पौंड. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. गेली तीन वर्षं ते आठवड्यातल्या चार रात्री ऑनलाइन पोकर खेळतात आणि मराठी-हिंदीत बोलत बोलत तो खेळ स्ट्रीम करतात. एका वेळी सरासरी दीडशे लोक बघत असतात, त्यातले तीन चतुर्थांश भारतातले. आता एका पोकर साइटनं त्यांच्यापुढे वर्षभराचा करार ठेवला आहे: महिन्याला १,२०० पौंड रोख, १,५०० डॉलरची स्पर्धांची तिकिटं, आणि त्यांच्या कोडवरून नोंदणी करणाऱ्यांकडून साइटला जे उत्पन्न होईल त्यातले ३० टक्के. बदल्यात महिन्याला ८० तास स्ट्रीम, फक्त त्याच साइटवर खेळायचं, शर्टावर आणि पडद्यावर त्यांचा लोगो. साइट ३० दिवसांची सूचना देऊन करार मोडू शकते. खेळाडूला मात्र वर्ष पुरं करावं लागेल. सहीसाठी दहा दिवसांची मुदत आहे. ते विचारतात: या जोरावर नोकरी सोडू का? आणखी पैसे कसे मागू? आणि सांगलीला बाबा अजून याला जुगारच म्हणतात, त्यांना कसं पटवू?

*

तुमच्या पत्रात एक वाक्य तीन ठिकाणी आलं आहे, थोड्या वेगवेगळ्या शब्दांत: "शेवटी माझ्या खेळाची कोणीतरी दखल घेतली." रात्री दोन-दोनपर्यंत जागून, सकाळी नऊला कामावर हजर होऊन तुम्ही हे उभं केलंत. तुमचा आनंद मला पत्रातूनही जाणवला आणि तो कमी करायची माझी मुळीच इच्छा नाही. पण तुमचे तिन्ही प्रश्न या एका वाक्यावर उभे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू या. दखल घेतली गेली आहे, हे खरं. कशाची, ते नीट बघा.

२००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक हिशेबनीस लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत बसला. प्रवेश शुल्क १०,००० डॉलर; त्यानं ती जागा पोकरस्टार्स या ऑनलाइन पोकर साइटवर शंभर डॉलरहूनही कमी शुल्काच्या पात्रता स्पर्धेतून मिळवली होती. ८३९ खेळाडूंमध्ये तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पोकरस्टार्सनं त्याला आपला चेहरा केलं आणि ते नातं २०२० च्या अखेरपर्यंत टिकलं. त्याच्याहून सरस खेळणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण त्याच मुख्य स्पर्धेत पुढच्या वर्षी २,५७६ जण बसले, २००५ मध्ये ५,६१९, २००६ मध्ये ८,७७३. मनीमेकरकडे बघून घरात बसलेल्या माणसाला वाटलं, हा तर माझ्यासारखाच आहे, मग मी का नाही? कंपनीनं पैसे मोजले ते या वाटण्याचे.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. साइटनं तुमच्याकडे काय मागितलं, ते तुम्हीच लिहिलं आहे: प्रेक्षक कुठल्या देशातले, कुठल्या वयाचे, किती वेळ थांबतात. तीन वर्षांतला तुमचा नफा-तोटा मागितल्याचा उल्लेख नाही. तुम्ही खेळाडू म्हणून कमी आहात, असं मी म्हणत नाही. तो निवाडा माझ्या कुवतीतला नाही. एवढंच सांगते की या व्यवहारात विकाऊ माल तुमचा खेळ नसून त्या दीडशे माणसांचा तुमच्यावरचा विश्वास आहे. आपल्या भाषेत बोलणारा, चुकलो तर "चुकलो" म्हणणारा माणूस म्हणून ते तुमच्याकडे येतात. हे एकदा मनाशी नक्की झालं की भाव कसा करायचा हेही कळतं आणि काय विकायचं नाही हेही.

ऑफरमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच बेरीज केली आहे. ती बेरीज आधी मोडू या.

रोख रक्कम सगळ्यात सोपी. १,२०० पौंड आणि ८० तास, म्हणजे तासाला १५ पौंड. पण ८० तास हे कॅमेऱ्यासमोरचे. क्लिप कापणं, थंबनेल करणं, चॅट सांभाळणं, साइटच्या लोकांशी बैठका, त्यांच्या मोहिमांचे व्हिडिओ: यात आणखी ४० तास सहज जातील. मग १२० तासांना १,२०० पौंड, म्हणजे तासाला १०. तुम्ही राहता त्या देशात प्रौढांचं किमान वेतनच एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड होतं. शिवाय ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर कर नसला, तरी प्रायोजकाकडून मिळणारी फी हे धंद्याचं उत्पन्न आहे. त्यावर कर भरावा लागतो आणि तसं विवरणपत्र द्यावं लागतं. सुट्टी, आजारपण, पेन्शन यांतलं काही नाही. नोकरीच्या २,९०० पौंडांसमोर हे आकडे मांडून बघा.

तिकिटांचे १,५०० डॉलर तर उत्पन्नात धरूच नका. ते काढून घेता येत नाहीत, ते फक्त खेळता येतात. स्पर्धांच्या पोकरमध्ये महिनोन्‌महिने काही हाती लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डॅनियल नेग्रानूसारखा नावाजलेला पोकर खेळाडू दर वर्षीचा हिशेब जाहीर करतो. २०१७ साली त्यानं सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसं मिळवली आणि तरीही ते वर्ष तोट्यात गेलं, कारण प्रवेश शुल्कातच त्याहून जास्त गेले होते. बातम्यांत बक्षिसाचा आकडा येतो, शुल्काचा येत नाही. तुम्ही ज्यांच्याकडे बघून नोकरी सोडायचं म्हणता, त्यांचे तुम्हाला दिसणारे आकडे याच जातीचे आहेत.

तिकिटांबाबत एक प्रश्न लेखी विचाराच: या तिकिटांवर मी जिंकलो तर ते पैसे कोणाचे? खऱ्या प्रायोजकत्वात ते तुमचे असतात. पण काही ठिकाणी प्रायोजक या शब्दाखाली दुसराच व्यवहार चालतो. समोरचा तुमचं शुल्क भरतो, जिंकलात तर ठरलेला वाटा घेतो आणि हरलात तर ती रक्कम तुमच्या खात्यावर चढत जाते. पुढच्या विजयातून आधी ती फेडायची, मग वाटणी. पोकरवाले याला स्टेकिंग म्हणतात आणि चढलेल्या रकमेला मेकअप. त्यात गैर काही नाही, अनेक चांगले खेळाडू त्यावरच उभे राहिले. पण ती भागीदारी आहे, पगार नव्हे. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंमध्ये प्रत्यक्ष स्पर्धा खेळणाऱ्या आणि "कोणीतरी स्पॉन्सर करतंय" असं कळवणाऱ्या वाचकांनीही हा प्रश्न आधी विचारावा. आणि उत्तर कागदावर घ्यावं. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेचा २००६ चा विजेता जेमी गोल्ड एक कोटी वीस लाख डॉलर जिंकला आणि लगेच कोर्टात उभा राहिला. बोडॉग या साइटसाठी नामवंत चेहरे जमवून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं निम्मा वाटा तोंडी कबूल केला होता, असा दावा होता. पुरावा म्हणून एक व्हॉइसमेल पुढे आला. शेवटी तडजोड झाली. तोंडी शब्दाची एवढी किंमत कोणालाच परवडत नाही.

तिकिटांची दुसरी बाजू मला पैशांपेक्षा जास्त सतावते. समजा, रविवारी रात्री तुम्ही २१५ डॉलरच्या स्पर्धेत बसलात, तासाभरात बाहेर पडलात, हसलात, म्हणालात, "चला, पुढची उघडू." तुमचं ते शांत राहणं अस्सल आहे, कारण पैसे साइटचे आहेत. पण पंढरपूरला किंवा चाकणला मोबाइलवर बघणाऱ्या मुलाला ते माहीत नाही. तो शिकतो की १८-२० हजार रुपये गेले की असंच हसायचं असतं. उद्या त्याचे स्वतःचे तीन हजार जातात तेव्हा तो तुमच्यासारखाच पुढची स्पर्धा उघडतो, फक्त त्याच्यामागे कोणी नसतं. म्हणून करार करा अगर न करा, दर स्ट्रीममध्ये पडद्यावर एक ओळ कायम ठेवा: आजच्या स्पर्धांचं शुल्क कोणी भरलं आहे. ही जाहिरात आहे हे सांगणं ब्रिटनमध्ये बंधनकारकच आहे. पण मी म्हणते ते त्याच्या एक पाऊल पुढचं आहे.

आता तिसरा भाग, ३० टक्क्यांचा. तुम्ही लिहिता, "खरा पैसा यातच आहे." बरोबर आहे. आणि माझा सगळा विरोधही याच भागाला आहे.

पोकरमध्ये साइट तुमच्याविरुद्ध खेळत नाही. ती प्रत्येक डावातून किंवा प्रत्येक प्रवेशातून आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापते. १०९ डॉलरच्या स्पर्धेत १०० डॉलर बक्षिसात जातात आणि ९ साइटचे. तुमच्या कोडवरून आलेल्यानं महिन्यात १०० डॉलर रेक भरला, तर तुमचे ३०. म्हणजे तो हरला काय आणि जिंकला काय, तुमचे पैसे चालूच, असं तुम्ही म्हणाल. कागदावर ते खरं आहे. पण नवशिक्यांचा पैसा रेकमध्ये आणि सराईत खेळाडूंकडे जातो, हे तुम्ही स्वतः तीन वर्षं टेबलवर पाहिलं आहे. तुमच्या चॅटमधल्या दीडशेंपैकी नफ्यात किती असतील? तुम्हाला पैसे मिळत राहायचे तर बाकीच्यांनी खेळत राहायला हवं, हरत असले तरी.

आणखी एक तपासा. करारात "रेक" लिहिलं आहे की "निव्वळ गेमिंग उत्पन्न"? बहुतेक मोठ्या पोकर साइटांवर शेजारच्याच टॅबमध्ये स्लॉट आणि रुलेट हे निव्वळ नशिबाचे कॅसिनो खेळ असतात. निव्वळ उत्पन्नाच्या व्याख्येत कॅसिनो येत असेल, तर पोकर शिकायला तुमच्यामागे आलेला माणूस स्लॉटवर जे हरेल त्यातले ३० टक्के थेट तुमच्या खात्यात येतील. तिथे कौशल्याचा प्रश्नच नाही. जितका त्याचा तोटा, तितकी तुमची कमाई. ट्विच या स्ट्रीमिंग साइटनं ऑक्टोबर २०२२ मध्ये परवाना नसलेल्या काही स्लॉट-रुलेटच्या साइटांच्या स्ट्रीमवर बंदी घातली तेव्हा पोकरला त्यातून वगळलं होतं. दोन्हींतला फरक इतरांनी मान्य केलेला असताना तुमच्या करारानं तो पुसून टाकू नये.

आणि आता भारतातले तीन चतुर्थांश प्रेक्षक. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, लोकांना उपलब्ध करून देण्यावर त्यानं बंदी आणली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातून चालवून भारतात दिल्या जाणाऱ्या सेवाही त्याच्या कक्षेत आहेत. या कायद्याचा धक्का किती मोठा होता ते आठवा: भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ड्रीम११ चं नाव होतं, तीन वर्षांचा ३५८ कोटींचा करार होता, आणि तो मध्येच संपला. आपल्याकडच्या पोकर साइटांनीही पैशांचे खेळ बंद केले.

तुम्ही लिहिता, "मी ब्रिटनमध्ये बसून खेळतो, इथे सगळं कायदेशीर आहे." खेळता, हो. पण मराठी-हिंदीत, भारतातल्या माणसांना, तिथून नोंदणी करण्यासाठी कोड देणं हे ब्रिटनमधलं काम कसं होईल? तुमचे आई-वडील, घर, दर वर्षीची सांगलीची फेरी, सगळं भारतात आहे. सही करण्याआधी भारतातल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या. साइटचा प्रतिनिधी "काळजी करू नका, सगळे करतात" असं म्हणाला असेल, तर तेही त्यानं ईमेलवर लिहून द्यावं. तो देणार नाही, असं मला वाटतं.

हे वाचणाऱ्यांत महाराष्ट्रातले बरेच तरुण असतील ज्यांचा पोकरशी संबंध नाही. कोणी क्रिकेटचे रील करतो, कोणी गावाकडचे विनोदी व्हिडिओ. त्यांनाही टेलिग्रामवर निरोप येतात: या ॲपची लिंक स्टोरीला लावा, प्रत्येक नोंदणीमागे इतके रुपये, पैसे क्रिप्टोमध्ये. त्यांच्यासाठी उत्तर थोडक्यात आहे: नाही म्हणा. तिथे भाव करण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी मला एका आईचं पत्र आलं होतं. त्यांच्या संमतीनं एवढंच सांगते: मुलगा विसाव्या वर्षी एका दादाचे व्हिडिओ बघून खेळायला लागला. त्या दादाचं नाव त्या बाईंना पाठ होतं, त्याच्या मुलीचा वाढदिवस कधी असतो तेही ठाऊक होतं, कारण मुलगा घरात त्याच्याबद्दल मोठ्या मायेनं बोलायचा. मुलानं फीचे पैसे घालवले, मग मित्रांचे. बाईंनी त्या दादाला शिव्या दिल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं होतं, "त्याला हे कळलं तर त्याला वाईट वाटेल का हो?" मी तेव्हा त्यांना नीट उत्तर देऊ शकले नाही. तुमचं पत्र वाचताना सारखी त्या प्रश्नाची आठवण येत होती, कारण तुम्हाला वाईट वाटेल, हे तुमच्या लिहिण्यावरून मला कळतं.

साइट कोण आहे, हेही बघायला हवं. फुल टिल्ट या पोकर साइटनं नावाजलेल्या व्यावसायिकांचे चेहरे लावून खेळाडू गोळा केले. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारनं त्यांच्यासह मोठ्या साइटांवर कारवाई केली आणि उघड झालं की खेळाडूंनी ठेवलेले पैसे कंपनीकडे शिल्लकच नव्हते. पुढच्या वर्षी पोकरस्टार्सनं सरकारशी तडजोड करून ती कंपनी घेतली, म्हणून पैसे परत मिळाले; अमेरिकेतल्यांना त्यासाठी २०१४ उजाडलं. त्याआधी अल्टिमेटबेटवर आतल्या माणसांना इतरांचे पत्ते दिसत होते, असं सिद्ध झालं होतं. त्या साइटचे चेहरे असलेले फिल हेलम्युथ आणि ॲनी ड्यूक फसवणुकीत सामील असल्याचं सिद्ध झालं नाही, पण त्या नावाची सावली त्यांच्यावर पडायची ती पडलीच. तुमच्या साइटकडे ब्रिटिश गॅम्बलिंग कमिशनचा परवाना आहे का, हे कमिशनच्या जाहीर नोंदवहीत पाच मिनिटांत बघता येतं. नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. असेल तर त्यांनाच विचारा की भारतातल्या ग्राहकांना तुम्ही कोणत्या परवान्यावर घेता. खेळाडूंचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळे ठेवले जातात का, हेही विचारा.

कराराच्या मसुद्यातली बाकीची कलमं लवकर उरकते. सूचनेची मुदत दोघांना सारखी हवी; त्यांना ३० दिवस तर तुम्हालाही ३० दिवस. "फक्त आमच्याच साइटवर" ही अट ऑनलाइनपुरती ठेवा, प्रत्यक्ष स्पर्धा मोकळ्या ठेवा, आणि करार संपल्यावर ती एक दिवसही लागू राहू नये. चॅनेल, त्याचं नाव, जुने व्हिडिओ तुमचेच राहतील, असं स्पष्ट लिहून घ्या. कंपनीविरुद्ध बोलायचं नाही असं कलम असेलच. त्यात एक अपवाद घाला: खेळाडूंचे पैसे अडकले किंवा फसवणूक झाली, तर प्रेक्षकांना सावध करण्याचा तुमचा हक्क राहील. यावर ते अडून बसले तर त्यांनीच तुम्हाला काही सांगितलं आहे, असं समजा. महिन्यातून दोन आठवडे आजारी पडलात तर ८० तासांचं काय, तेही लिहा. तीन वर्षांचं मूल घरात आहे.

नोकरी सोडू नका. या ऑफरवर तर नाहीच, आणि मी सांगितलेले सगळे बदल त्यांनी मान्य केले तरी पहिलं वर्ष नाहीच. ३० दिवसांच्या सूचनेवर उभं असलेलं उत्पन्न म्हणजे ३० दिवसांचंच उत्पन्न. नेग्रानूसारख्या खेळाडूचाही पोकरस्टार्सशी बारा वर्षांचा करार २०१९ मध्ये संपला. त्याला काही महिन्यांत दुसरी मोठी कंपनी मिळाली, तुम्हाला कदाचित मिळणार नाही. आणि ८० तास नोकरी सांभाळून होणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आज तुम्ही महिन्याला साठच्या आसपास करता, तेही झोप मोडून. म्हणून पैशांआधी तास कमी करून मागा. ४० तास आणि ८०० पौंड, हा तुमच्या घराला परवडणारा व्यवहार आहे.

"आणखी पैसे कसे मागू" याचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या हातातली खरी किंमत सांगा. मराठीत पोकर समजावून सांगणारे फार थोडे आहेत, आणि ब्रिटन, अमेरिका, दुबई, सिंगापूरला मराठी माणसं पुष्कळ आहेत. जिथे साइटकडे परवाना आहे तिथल्या प्रेक्षकांपुरतंच मी काम करीन, भारतासाठी कोड देणार नाही, नोंदणीवरचा वाटा घेणार नाही, त्याऐवजी ठरलेली फी वाढवा: हे मागणं रास्त आहे. ते नाही म्हणतील, अशी शक्यता मला जास्त वाटते. कारण तुमचे भारतातले प्रेक्षक हेच कदाचित त्यांना हवे असतील. तसं झालं तर तुमचं नुकसान झालं, असं वाटून घेऊ नका. ऑफर खरी कशासाठी होती ते दहा दिवसांत कळलं, वर्षानं नाही. प्रेक्षकांची मासिक वर्गणी, डाव तपासून देण्याची शिकवणी, प्रशिक्षण देणाऱ्या साइटांसाठी व्हिडिओ, खुर्ची-हेडफोनवाल्यांचं प्रायोजकत्व, हे रस्ते हळू आहेत, रक्कम छोटी आहे. पण त्यातला कोणताही पैसा तुमच्या प्रेक्षकाच्या हरण्यावर अवलंबून नाही. मात्र ब्रिटनमध्ये विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्या इतर वाचकांनी यातलं काहीही करण्याआधी व्हिसाच्या अटींत स्वतंत्र व्यवसाय बसतो का, ते बघावं. तुमचा तो प्रश्न सुटलेला आहे.

राहिले बाबा. तुम्ही त्यांना तीन वर्षं पटवताय की पोकर जुगार नाही, तो गणिताचा, धीराचा खेळ आहे. खेळ तसा आहेच. पण तुम्ही राहता त्या देशातही पोकरचा परवाना गॅम्बलिंग कमिशनच देतं, आणि जुगाराच्या जाहिरातींचे नियम त्याला लागू होतात; पंचविशीच्या आतल्या माणसाला अशा जाहिरातीत ठळकपणे दाखवताही येत नाही. तेव्हा बाबांचा शब्द काही फार चुकलेला नाही. तो शब्द त्यांच्याकडून काढून घेण्याचा हट्ट सोडा. निवृत्त झालेला, आयुष्यभर बँकेत हिशेब लिहिलेला माणूस तुम्हाला व्याख्या विचारत नाहीये. तो विचारतोय की घर सुरक्षित आहे ना, नातीच्या नावचे पैसे यात जात नाहीत ना, आणि तू कोणाला फसवत नाहीस ना. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊ शकता, ती द्या. तीन वर्षांचा हिशेब त्यांना दाखवा, किती लावले, किती आले, तोट्याचे महिने न लपवता. त्यांना आकडे वाचता येतात, आणि मला वाटतं, मुलानं आपल्याला ते वाचायला दिले, याचंच त्यांना जास्त वाटेल.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: "ती म्हणते, तुला हवं ते कर." हे वाक्य मी या सदरात बरेचदा वाचलं आहे आणि त्याचा अर्थ होकार असतोच असं नाही. आठवड्यातल्या चार रात्री मुलीला त्याच झोपवतात. वरचे सगळे आकडे, तासांसकट, आधी त्यांच्यासमोर मांडा आणि त्या बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नका.

मग साइटला लिहायचं. मजकूर असा असू द्या: "तुमच्या प्रस्तावाबद्दल आभार. मी महिन्याला ४० तास काम करू शकतो, ठरलेल्या मासिक फीवर. नोंदणी किंवा उत्पन्नातला वाटा मला नको. भारतातल्या प्रेक्षकांना उद्देशून मी कोड किंवा लिंक देणार नाही. तिकिटांवरची जिंकलेली रक्कम पूर्णपणे माझी असेल आणि तिकिटं तुम्ही दिली आहेत हे मी पडद्यावर दाखवीन. सूचनेची मुदत दोघांना सारखी असावी. तुमचा परवाना क्रमांक आणि सुधारित मसुदा पाठवावा; वकिलाला दाखवून मी उत्तर देईन. त्यासाठी मला तीन आठवडे हवेत." इंग्रजीत तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. दहा दिवसांच्या मुदतीला घाबरू नका. तुमच्यासारखा माणूस त्यांना अकराव्या दिवशीही हवाच असेल.

त्यांचं उत्तर आलं की मला कळवा, आणि बाबांशी बोलणं झालं की तेही.